तोंड उजेडाकडे

पांढुर्णा,
१८ नोव्हेंबर १९८६

प्रिय श्री,

तू कानपूरला सुखरूप पोचल्याचं कार्ड आज मिळालं. मफलर इथेच विसरून गेलास. जिनिंग फॅक्टरीतल्या पंचफुलाची सून शिवणयंत्र झाकायला मागत होती, दिला नाही. तिकडे थंडी पडली असेल, पुढच्या आठवड्यात पार्सल करते. चकल्या वसतिगृहात एकट्याने खा असं मी सांगितलं तरी तू ऐकणार नाहीस, म्हणून डबा मोठाच दिला होता.

तू गेल्यापासून जिनिंगात तुझ्या यंत्राशिवाय दुसरा विषय नाही. काल पंचफुला कपाशीच्या कचऱ्याने पांढरी झालेली तशीच दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, ते टॉर्चसारखं काय होतं वो, टोकाले स्पंजाची टोपी? मी म्हटलं फोटो काढून राह्यला, तं मी पदर नीट केला, हसली बी. मंग समजलं का आवाज मोजते म्हणून. आमच्या सरकी काढायच्या जिनचा आवाज कायले मोजता? माह्या सासूचा मोजा म्हणा, काटा तुटून जाईन!" मी हसून हसून खाली बसले. तुझ्या बाबांना पुन्हा सांगितलं, तेही हसले. तिच्या बोलण्यातली गंमत माझ्या ओठांवर तितकी उतरत नाही, तरी हसले.

रुईच्या गोदामातली ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. इतकी शांत जागा आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा नाही, असं तू म्हणालास. मला ते लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे. सुट्या रुईच्या ढिगात उभं राहिलं की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. नवी असताना मी तिथे जाऊन रडत असे, कारण तिथलं रडणं बाहेर जात नसे. आता त्याच जागी तुझे बाबा कानांवर ते काळे डबे लावून, बाशिंग बांधलेल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते. आवाज आला की बोट वर करायचं, असं तू समजावलंस. मी दाराशी उभी होते. तू बटण फिरवत होतास आणि त्यांचं बोट गुडघ्यावर तसंच पडून होतं. मध्येच त्यांनी वर केलं, पण तुझा हात तेव्हा बटणावर नव्हता. तू नुसती कागदावर खूण केलीस. 

मग तू आलेख काढून दाखवलास. सरळ चालत येणारी रेघ एकदम खड्ड्यात उतरते. बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणालास. खरंच आहे. आधी टिटवी गेली, मग कुकरची शिट्टी, मग आमच्या नातींचं, मीनाच्या मुलींचं बोलणं. पारव्याचं घुमणं मात्र अजून ऐकू येतं त्यांना.

त्या संध्याकाळी तू शब्द दिलास, की हे घराबाहेर जाणार नाही. तो मागायची मला गरजही नव्हती. जिनिंगात कुणी कुणाच्या कानांविषयी बोलत नाही, हे तू पाळण्यात असल्यापासून जाणतोस. मागून येणारा आधी खांद्याला हात लावतो आणि मग बोलतो. तिथे सगळेच हातवारे करतात, ओठ बघतात. त्यात एका माणसाला अगदीच ऐकू येत नाही, हे कुणाला कळणार? आणि ज्यांना कळतं ते बोलत नाहीत.

मला आमच्या नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेट आठवल्या. पाठांतराच्या तासाला त्या वर्गाच्या अगदी शेवटी उभ्या राहत आणि म्हणत, "मला तुझे शब्द ऐकायचे नाहीत, बघायचे आहेत." वडील अचानक गेले, शिक्षण सुटलं आणि मी या गावात जिनिंगच्या फोरमनची बायको होऊन आले. पहिल्याच आठवड्यात तुझे बाबा म्हणाले, "तुमी बोलता ते दिसते." बाकी कुणाचं बोलणं त्यांना इतकं दिसत नव्हतं. मला तेव्हा वाटलं, सिस्टरनी मला याच घरासाठी घडवलं होतं.

आणि तू! दीड-दोन वर्षांचा असताना बोलण्याआधी बाबांच्या गुडघ्याला हात लावायचास. "तोंड उजेडाकडे" हे तू 'आई'च्या पाठोपाठ शिकलास. काही खोडी केली असली की मात्र खिडकीकडे पाठ करून उत्तर द्यायचास, म्हणजे बाबांना तुझा चेहरा दिसू नये. तिगावला मावशीकडे गेलो की रुळाला कान लावून गाडी यायच्या आधी सांगायचास. बाबा तुझा पंजा चालत्या जिनवर ठेवून म्हणायचे, लोखंड बोलते, हाताला ऐकू येते. कानपूरच्या मुलाखतीत तू हीच गोष्ट सांगितलीस आणि सगळे सर लोक गप्प झाले, हे मी गावात किती जणांना सांगितलं असेल!

दिवाळीच्या पाडव्याला तू जिनिंगच्या शेठजींकडून जिनांवर झाकणं बसवायची परवानगी घेऊन आलास, तेव्हापासून बाबा रोज विचारतात, झाकणं कधी बसणार? दोन जिनांवर का होईना, आतून आवाज अडवणारं ग्लासवूल लावलेली झाकणं बसली की पंचफुलासारख्यांचे कान वाचतील. शेठजी तयार कसे झाले, असं त्यांनी तुला दोनदा विचारलं. तू काय म्हणालास ते कढईच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

तब्येत सांभाळ. बाबांचे आशीर्वाद.

तुझी
आई

*

पांढुर्णा,
११ डिसेंबर १९८६

प्रिय श्री,

हे पत्र तुला अभ्यासाच्या गडबडीत मिळेल, पण आता थांबवत नाही.

बाबांना कामावरून कमी केलं. सोमवारी शेठजींनी ऑफिसात बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली, तेव्हाच ते समजले. शाल दिली, नारळ दिला. शेठजी म्हणाले, फोरमनसाहेब, खूप केलंत, आता आराम करा. उद्या रुईला आग लागली आणि कुणी ओरडलं, तर तुम्हाला ऐकू येणार नाही, तुमच्याच जिवाला धोका. बोलणं किती गोड, बघ. शेठजींचा चेहरा तेव्हा खिडकीसमोर होता, म्हणून बाबांना शब्द न् शब्द कळला.

इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, आणि आता भर हंगामात कळलं?

मला नत्थूजी मुनिमावरच संशय आहे. तुझ्या बाबांना फोन आला की तोच घ्यायचा. "शालिकरामजी कामात हायेत, मले सांगा," म्हणायचा. मी याला उपकार समजत होते. सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत होतं. काल रस्त्यात त्याने हात जोडले, मी मान वळवली. त्याच्या बायकोने पाठवलेली कढीची वाटी पंचफुलाच्या हाती परत केली. पंचफुला म्हणाली, "बाई, मुनीमजी तसे नाहीत वो." मी तिलाही नको ते बोलले. आमच्या घरची पोळी तुला नेहमी गोड लागते, आणि शेठजींना हे तूच सांगितलं असशील, असं बोलले. ती निघून गेली. आज सकाळी आलीच नाही.

क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे. ओसरीतली माझी बालवाडीही मग गेलीच. मीनाचे यजमान अनिलराव येऊन म्हणाले, सौंसरला चला, बागेतलं घर रिकामंच आहे. मुलीच्या घरी राहायचं. जावई चांगले आहेत, हेच कठीण जातं.

तुझे बाबा दिवसभर ओसरीत बसतात आणि पंजा भिंतीला लावून ठेवतात. जिनिंग चालू असलं की आपल्या क्वार्टरची भिंत बारीक थरथरते, आठवतं ना? काल मला म्हणाले, चार नंबरचा पट्टा ढिला झाला, कोनी पाहून नाही राह्यलं. मी म्हटलं, पाहतील. ते म्हणाले, हो, पाहतील. आणि हात तसाच ठेवला.

श्री, तू शेठजींना एक पत्र लिही. तू शिकलेला, मापं घेणारा माणूस, तुला त्यांनी मान दिला, तुझं ऐकतील. बाबांना रात्रपाळीला नको, आगीजवळ नको, पण कुठे तरी ठेवा म्हणावं. नुसतं जिनांजवळ उभं राहू द्या, एवढंच. आणि तुला काही कल्पना आहे का, हे कुणी केलं असेल?

उत्तर लगेच पाठव.

तुझी
आई

*

सौंसर,
१९ जानेवारी १९८७

श्रीकांत,

तुझं चार ओळींचं कार्ड मिळालं. परीक्षक येणार आहेत, वेळ नाही, बाबांना विश्रांतीची गरज होतीच. ते मी तुझ्या बाकीच्या पत्रांबरोबर ट्रंकेत ठेवलं नाही.

संक्रांतीला दुपारी नत्थूजी मुनीम आले. पांढुर्ण्याहून बसने आले, बोरगावच्या फाट्यावर चुकून उतरले आणि तिथून चालत आले. पायांवर धूळ, हातात कागदाची पुडी. तुझे बाबा मागे बागेत होते. मी दारातच उभी राहिले, आत या म्हटलं नाही.

ते म्हणाले, "बाई, तीळगूळ घ्या. आज तरी गोड बोला. राग कायचा, ते तं सांगा. माह्या बायकोची वाटी वापस केली तुमी, ते दोन दिवस जेवली नाही."

मी म्हटलं, "राग कशाचा ते तुम्हाला माहीत आहे. ज्या माणसाचे फोन तुम्ही घेत होता, त्याचेच कान तुम्ही शेठजींना विकले."

ते उंबऱ्याशी खाली बसले. बराच वेळ पुडीची दोरी सोडत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं तुमाले माहीत आहे. पाडव्याची गोष्ट. मी चहा घेऊन उभा होतो. शेठजी म्हणे, अरे श्रीकांत, आवाजानं काय होते, आमी जनमभर ऐकून राह्यलो, आमाले काय झालं? तं त्यानं पिशवीतून तो आलेख काढला. म्हणे, शेठजी, हे पहा, हे माह्ये वडील. चहा सांडला वो माह्या हातून. मी डोळ्यानं खुणावलं त्याले. त्यानं पाह्यलं बी माह्याकडं."

त्याने बघितलं, असं ते म्हणाले. मी दोनदा विचारलं.

शेठजी आलेख बराच वेळ बघत होते म्हणे. मग म्हणाले, ठीक, दोन जिन घे, लाव तुझी झाकणं. आणि तू निघताना असं म्हणाले, तुझ्या वडिलांचं मात्र काही तरी बघावं लागेल, फॅक्टरीची जबाबदारी असते. तू म्हणालास, "जी." नत्थूजींनी ते दोनदा करून दाखवलं, मान किती हलली तेसुद्धा.

म्हणजे तुला माहीत होतं. पाडव्याला माहीत होतं. भाऊबीजेला मीनाने ओवाळलं तेव्हा माहीत होतं. बाबांनी तुझ्या पानात स्वतःचा अनारसा टाकला तेव्हा माहीत होतं. त्यानंतर चार दिवस तू त्याच क्वार्टरमध्ये राहिलास, जे आता सुटणार होतं.

आता मला पाडव्याची संध्याकाळ नीट आठवते. मी कढईपाशी होते. बाबांनी विचारलं, शेठजी मानले कसे? आणि तू उठून दिव्याकडे पाठ करून बसलास. मला वाटलं, डोळ्यांवर उजेड येत असेल. किती वर्षांनी तसा बसलास आणि मी ओळखलं नाही! तुझा अंधारातला चेहरासुद्धा मी ओळखायला हवा होता.

मुलाखतीत तू बाबांची गोष्ट सांगितलीस, तेव्हा तुला प्रवेश मिळाला. शेठजींना सांगितलीस, तेव्हा दोन जिन मिळाले. आणखी कुठे काय मिळवायचं आहे? तिथे काय सांगशील? बाबांजवळ आता उरलंय काय?

परक्याने केलं असतं तर मी कपाळाला हात लावून गप्प बसले असते. नत्थूजी परके, आणि त्यांनी इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं. पंचफुला परकी. तिला मी चोर ठरवलं आणि ती आमचं सामान बांधायला आली. तू आमच्या घरात ऐकायला शिकलास. त्या माणसाने तुझा एवढासा पंजा लोखंडावर धरून तुला ऐकायला शिकवलं. त्याच हाताने तू पिशवीतून आलेख काढलास.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते अजून इथल्या बागवानाला सांगतात, "माहा पोरगा आवाजावर डॉक्टरकी करून राह्यला." बागवान म्हणतो, "कानाचे डॉक्टर का?" ते म्हणतात, "नाही बा, मशीनचे." आणि दोघे हसतात. मी त्यांना काय आणि कसं सांगू? सगळ्या जगाचं बोलणं त्यांच्यापर्यंत माझ्या ओठांवरून जातं. हे माझ्या ओठांवरून जाणार नाही.

नत्थूजींना मी पाणी दिलं, मग जेवायला वाढलं. तीळगूळ घेतला. तुझ्या वाटचा पुडीत ठेवला नाही.

आई

*

सौंसर,
८ फेब्रुवारी १९८७

श्री,

तुझं मोठं पत्र मिळालं. तू सगळं कबूल केलंस, हे बरं झालं. कबुलीतही तू एक-दोन ठिकाणी उजेडाकडे पाठ केली आहेस, पण तुला लहानपणापासून बघते आहे, तेवढं मला दिसतं.

तू लिहितोस, उदाहरण दिल्याशिवाय शेठजी मानले नसते. असेल. तू लिहितोस, झाकणं बसली तर शे-दोनशे माणसांचे कान वाचतील, एका माणसाची नोकरी त्यापुढे किती? हेही खरं असेल. मी गणितात कच्ची होते, सिस्टर माझी वही वर्गात दाखवायच्या. पण तू त्या एका माणसाला ओळखत होतास ना? मग "एक माणूस" का लिहितोस?

आणि तू लिहितोस, शेठजी असं करतील हे वाटलं नव्हतं. श्री, तू "जी" म्हणालास.

शेवटी दोन गोष्टी मागितल्यास. बाबांना सांगू नकोस, ही एक. आणि आलेख प्रबंधात छापायला त्यांची संमती घेऊन पाठव, नाव येणार नाही, ही दुसरी. एकाच पानावर दोन्ही. मी ते पान कितीतरी वेळ हातात धरून बसले.

त्याच वेळी बाबा बागेतून आले. मृग बहाराची संत्री उतरवणं चालू आहे, तुझे बाबा आता टोपल्या मोजायला उभे राहतात. मीनाच्या सासऱ्यांनी मुद्दाम दिलेलं काम आहे ते, त्यांना माहीत आहे. त्यांनी माझ्या हातातला लिफाफा पाहिला आणि विचारलं, "श्रीचं? काय म्हणते?"

मी म्हटलं, "बरा आहे. काम जोरात चालू आहे."

 त्यांनी हळूच माझ्या खांद्याला हात लावला, मला धरून वळवलं, तेव्हा कळलं, की मी दाराकडे पाठ करून बोलले होते. म्हणाले, "आता तू बी उजेडाकडं पाठ करून बोलून राह्यली का?"

मी रडायला लागले. ते माझ्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "मले माहीत आहे. पह्यल्या दिवसापासून."

शाल-नारळाच्या आधी ते ऑफिसच्या काचेबाहेर उभे होते. आत शेठजी आपल्या भावाला सांगत होते. काच बंद होती, जिनिंग चालू होतं, बाहेर कुणालाही काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. शेठजींना वाटलं, याला तर नाहीच. त्यांनी शेठजींच्या ओठांवर वाचलं: "त्याच्या मुलानेच सांगितलं."

एवढं वाचून ते आत गेले, खुर्चीवर बसले, शाल घेतली, घरी आले. मी नत्थूजींना शिव्या देत होते, पंचफुलाला बोलले, तेव्हा ते समोर होते. मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, तुम्ही मला निर्दोष माणसांवर तुटून पडू दिलंत! ते म्हणाले, "चुकलंच माह्यं. पन तू त्यालेच तोडलं असतं नं. मंग मले त्याचं बोलनं कोनी सांगितलं असतं?"

इतके दिवस मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. एका खाटेवर बसून, श्री. आमच्या घरात कधी कुणी असं जगलं नव्हतं. हेही तुझ्यामुळेच.

मी विचारलं, "राग नाही आला?"

म्हणाले, "आला नं. अजून आहे. त्यानं मले इचारलं असतं, तं मीच गेलो असतो शेठजीकडं आलेख घेऊन. म्हटलं असतं, पहा, हे तुमच्या जिननं केलं, आता पोराले झाकन लावू द्या. काढलं असतं तं काढलं असतं. पन मी सोता गेलो असतो."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "इचारलंच नाही त्यानं." आणि पुन्हा टोपल्यांकडे गेले.

संमतीचं मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. कान त्यांचे आहेत. तू त्यांना विचार.

त्यासाठी पत्र लिहू नकोस. ये. पांढुर्ण्याला उतरलास की जिनिंगकडे जाऊ नकोस, सौंसरची बस धर. सकाळी आलास तर बरं. ओसरी पूर्वेची आहे, दहा वाजेपर्यंत ऊन आत असतं. बाबा खांबाला टेकून बसतात. तू त्यांच्यासमोर, अंगणाकडे तोंड करून बस. आधी गुडघ्याला हात लाव. मग सावकाश बोल, शब्द गिळू नकोस. त्यांना कळलं नाही तर माझ्याकडे बघू नकोस. या वेळी तुझं बोलणं त्यांना मी सांगणार नाही. कितीही वेळ लागला, तरी मी आत चुलीपाशी असेन.

त्यांना ते माहीत आहे, हे मी तुला सांगून टाकलं, म्हणून यायचं टाळू नकोस. शेठजींच्या ओठांवर त्यांनी ते वाचलं आहे. तुझ्या ओठांवर वाचायचं राहिलं आहे.

तुझी
आई